खोकला, लसीकरणाचं कार्ड आणि व्हिटॅमिन ए चा चमचा

जूनमध्ये आमचं सव्वातीन वर्षांचं कन्यारत्न नर्सरीत जायला लागलं आणि तेव्हापासून घरात एक आठवडा नाक न पुसता गेला असेल तर शपथ. सर्दी, मग खोकला, मग चार दिवस बरं, की परत सर्दी. त्यात राहायला सिंहगड रोडला, म्हणजे चिखल वाळला की त्याचीच धूळ. आईचं एकच पालुपद, "अरे हिच्या अंगात काहीतरी कमी पडतंय."

मग सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी सांगितलं की व्हिटॅमिन ए चं सिरप आणा, महिन्यातून एकदा चमचाभर द्या, छातीचं सगळं थांबतं. मी निघालोच होतो मेडिकलमध्ये, बायको म्हणाली आधी डॉक्टरांना विचार, नंतर शहाणपणा कर.

नवीन डॉक्टरांनी खोकला ऐकायच्या आधी कार्ड मागितलं. नवव्या महिन्यात व्हिटॅमिन ए चा एक डोस, दीड वर्षाला दुसरा, आणि पुढची सगळी घरं कोरी! खरं तर नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर १ लाख युनिट आणि मग पाच वर्षांची होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख, असे एकूण ९ डोस असतात, सरकारी दवाखान्यात फुकट. आम्ही आधी जिथे जायचो तिथून महागड्या लसींचे मेसेज अगदी वेळेवर यायचे, या फुकटच्या डोसचं मात्र कोणी नावही काढलं नाही. अर्थात कार्ड आमच्याच कपाटात होतं, त्यामुळे जास्त बोलत नाही.

मी लगेच उत्साहात, "मग राहिलेले तीन देऊन टाका की एकदम, खोकला तरी जाईल." डॉक्टर हसल्या. म्हणाल्या हे काय मोबाईलचं रिचार्ज आहे का. हे व्हिटॅमिन तेलात विरघळणारं, जास्त झालं तर लघवीवाटे जात नाही, लिव्हरमध्ये साठतं, आणि अति झालं की उलट्या, डोकेदुखी. काकूंचा महिन्याचा चमचा म्हणजे अवघडच काम होतं.

आणि खोकल्याचं म्हणाल तर या डोसने नर्सरीची सर्दी थांबत नाही. नवीन नवीन शाळेत जाणारं मूल वर्षातून सात-आठ वेळा आजारी पडणं नॉर्मलच आहे म्हणे.

पण मग संबंधच नाही का? आहे. श्वासनलिकेचं आतलं अस्तर ओलसर असतं, बारीक केसांसारखे तंतू घाण वर ढकलत असतात, आणि ए फारच कमी पडलं की ते अस्तर कोरडं, कातडीसारखं होतं, जंतूंना रान मोकळं. रात्री बसून वाचलं तर अल्फ्रेड सॉमर नावाचे अमेरिकन डोळ्यांचे डॉक्टर सापडले. इंडोनेशियात ए कमी पडून येणाऱ्या रातांधळेपणावर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की रातांधळी मुलं नुसती दृष्टी गमावत नव्हती, ती मरतही जास्त होती. मग तिथल्याच आचे भागात मुलांना ए चा डोस देऊन बघितला, १९८६ साली निकाल छापून आला, मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. पण आपल्याच उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर केलेला अभ्यास २०१३ ला छापून आला, त्यात फरक जेमतेम ४ टक्के, म्हणजे योगायोगही असू शकेल इतका. न्यूमोनियावर तर वेगळा फायदा स्पष्ट दिसलेलाच नाही. अपवाद गोवराचा. गोवरात शरीरातलं ए झपाट्याने खाली येतं, तिथे मात्र दोन दिवस लागोपाठ डोस देतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

शनिवारी पालिकेच्या दवाखान्यात गेलो. सिस्टरांनी खूण असलेल्या प्लास्टिकच्या चमच्यात २ मिली मोजलं, पिवळट, तेलकट, गाल दाबून अर्ध्या सेकंदात आत. एक थेंब फ्रॉकवर पडला तो डाग अजून गेला नाहीये. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची, कार्डावर लिहून दिली, मी फोनमध्येही टाकली.

आईने त्यातून आपला अर्थ काढलाच. मंडईतून लाल भोपळा आणून घारगे केले, साजूक तुपात, आणि तूप असल्याशिवाय भोपळ्यातलं ए अंगी लागत नाही हे तिला माझ्या वाचनाच्या आधीपासून माहीत होतं. पोरीने तीन खाल्ले, मग खोकली, मग चौथा मागितला.