रेंज फुल, तरी लाईव्ह अडकतंय

यात्रेतल्या कुस्ती मैदानाचं लाईव्ह करणं वेगळंच काम आहे. लग्नात दोन मिनिटं चित्र थांबलं तर लांबचे पाहुणे जरा कुरकुरतात आणि परत बघतात, पण कुस्ती कधीकधी अर्ध्या मिनिटात निकाली होते, घिस्सा डाव बसला की पाठ टेकली, आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवर तो गोल फिरत बसला तर बघणाऱ्याला काय मिळालं? आमच्या विटा-खानापूर भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यामुळे देशभर पसरलीत, बरीच पोरं सैन्यात आहेत, सगळ्यांना काय यात्रेला येता येत नाही. त्यांच्यासाठी हे लाईव्ह म्हणजे गावाला येऊन गेल्यासारखंच असतं, म्हणून मी हे काम जीव लावून करतो.

त्या दिवशी सकाळी सगळं झकास होतं. तीन कॅमेरे मिक्सरला, तिथून कॅप्चर कार्डमधून लॅपटॉपला, ओबीएस या लाईव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरवरून युट्यूबला, नेट सिमकार्डाच्या राउटरचं. अपलोड १८-२० एमबीपीएस मिळत होतं आणि मला १०८०पी ला साडेचार लागणार, म्हणजे भरपूर. दुपारी पोरांच्या छोट्या कुस्त्या सुरू झाल्या, हलगी घुमायला लागली, तोवर काहीच अडचण नाही.

चारनंतर मैदान भरलं. आणि ओबीएसच्या खालच्या पट्टीतला हिरवा चौकोन आधी पिवळा झाला, मग लाल. चॅटमध्ये एकच गलका, "अडकतंय", "चित्र थांबलं", "बंद करून चालू करा". कमिटीतले तात्या धावत आले, म्हणाले, "अरे फोनला रेंज फुल दावतंय की, मग तुझंच का अडकतंय? लॅपटॉप तापला असंल, बंद कर जरा."

मी बंद केलं नाही. कारण कळल्याशिवाय बंद-चालू करत बसलं की तेवढ्या वेळात दोन-चार कुस्त्या हातच्या जातात आणि दुखणं तिथंच राहतं. ओबीएसमध्ये स्टॅट्स म्हणून एक खिडकी आहे, ती उघडली. त्यात तीन ओळी बघायच्या. रेंडरिंग लॅग, म्हणजे ग्राफिक्सला काम झेपत नाही. एन्कोडिंग लॅग, म्हणजे व्हिडिओ दाबून बारीक करायला लॅपटॉप कमी पडतोय. आणि तिसरी नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम्स. पहिल्या दोन जवळजवळ शून्य, तिसरी सारखी वाढत चाललेली. म्हणजे लॅपटॉप, कार्ड, कॅमेरे सगळे ठणठणीत, रस्ता तुंबलाय.

तात्यांना समजावलं की फोनवरच्या दांड्या म्हणजे टॉवर तुम्हाला ऐकू येतोय एवढंच, त्या टॉवरवर गर्दी किती आहे ते दांड्या सांगत नाहीत. हजारो माणसं एकाच टॉवरवर, त्यात निम्मी स्टेटस टाकतायत, घरी व्हिडिओ कॉल लावतायत. तपासलं तर डाउनलोड अजून बऱ्यापैकी होतं, पण अपलोड एकच्या आत-बाहेर उड्या मारत होतं. दुसऱ्या कंपनीचं सिम लावून बघितलं, तीच गत.

चालू लाईव्हमध्ये ओबीएसला रिझोल्यूशन बदलता येत नाही, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, मात्र बदलता येतो, तो साडेचार हजार केबीपीएसवरून (म्हणजे साडेचार एमबीपीएसवरून) खाली आणून ८०० वर ठेवला. चित्र अडकायचं बरंच कमी झालं पण दिसायचं काय तर लाल मातीचा लगदा, कोण वर कोण खाली कळेना. उडती माती आणि मागची हलती गर्दी, असल्या चित्राला बिटरेट जास्तच लागतो. आवाज मात्र १२८ वर तसाच ठेवला, त्यातलं काही कापलं नाही, निवेदकांचा आवाज नीट गेला तर माणूस निदान ऐकत तरी बसतो, आणि बसलीसुद्धा माणसं.

मग गावातल्या केबलवाल्या दादांना फोन लावला. त्यांचं फायबर रस्त्याकडेच्या पोलपर्यंत होतं, पोल स्टेजपासून दोनशे मीटरच्या पुढं. साधी लॅन केबल शंभर मीटरच्या पुढं भरवशाची नाही, म्हणून दादांनी फायबरची ड्रॉप वायरच ओढली, माणसांच्या डोक्यावरून, झाडाला बांधत बांधत. स्टेजमागं टेबलावर जोडणी करायला बसले तर वारं सुटलेलं आणि माती सगळीकडं. आतली काच फक्त १२५ मायक्रॉनची, तिच्यावर एक कण बसला तरी जोड बिघडतो. आम्ही दोघांनी चादर धरून आडोसा केला, दादांनी वरचं आवरण सोललं, स्पिरिटनं पुसलं, कापलं, काच वितळवून जोडणाऱ्या स्प्लाइसिंग मशीनमध्ये ठेवलं. पहिला जोड मशीननं नाकारला. दादा काही न बोलता परत कापायला लागले. दुसरा बसला. उजेड मोजायच्या मीटरवर उणे २१ डीबीएम आलं, म्हणजे उजेड पुरेसा येतोय, उणे २७-२८ च्या खाली गेलं असतं तर फायबरचं नेट लॅपटॉपला देणारा डबा चालला नसता. डब्यावरचा लाल दिवा विझला, हिरवा लागला.

लॅन लॅपटॉपला जोडली तरी चालू असलेलं लाईव्ह आपोआप तिकडं जात नाही, ते जुन्याच रस्त्याला धरून बसतं, वायफाय तोडावंच लागतं. देणगीदारांची नावं पुकारायला सुरुवात झाली तेव्हा तोडलं. ओबीएस तुटलं, काही सेकंदात आपोआप परत जोडलं, लिंक तीच, बघणारे तेच. बिटरेट परत साडेचार हजारावर, चौकोन हिरवा. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, "आता पैलवानाच्या कानाची घडी पण दिसतीय."

एक नंबरची कुस्ती शेवटपर्यंत एकही फ्रेम न गळता गेली. पण मधल्या गोंधळात बाहेर पोस्टिंगला असलेल्या एका फौजी दादांच्या भावाची कुस्ती लगद्यातच गेली होती, त्यांनी चॅटमध्ये दोनदा विचारलं होतं की कोण जिंकलं. लॅपटॉपवर लोकल रेकॉर्डिंग पूर्ण क्वालिटीत वेगळं चालूच होतं. रात्री त्यातून तेवढी कुस्ती कापली, अपलोड केली, लिंक पाठवली. भाऊच जिंकला होता, ढाक मारून.