दूध फरकाची यादी आणि कागदावरची बॅच

दिवाळीपूर्वी खात्यावर जमा होणाऱ्या दूध फरकाची, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर संघ नंतर देतो त्या वाढीव रकमेची, कोल्हापूर जिल्ह्यातील गोठ्यागोठ्यांत वाट पाहिली जाते. शाहूपुरीतील आमचे कार्यालय ज्या दूध संघाची संगणक प्रणाली सांभाळते, तेथे हाच हिशेब ऐन वेळी अडला. "साहेब, बँकेला यादी आज गेली नाही, तर दिवाळीच्या आधी पैसे पडत नाहीत," असे तेथील लेखापालांनी सकाळीच फोनवर सांगितले होते.

प्रत्येक उत्पादकाचे सकाळ-संध्याकाळचे दूध लिटर, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफसह (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) स्वतंत्र नोंदले जाते. एका उत्पादकाच्या वर्षाला ७३० नोंदी होतात, म्हणजे दहा हजार उत्पादक धरले तरी ७३ लाख. पोस्टग्रेस या डेटाबेसमधून त्या वाचून बेरीज करणारा जावा या प्रोग्रामिंग भाषेतील जुना प्रोग्राम दर वेळी मेमरी संपल्याचा संदेश देऊन बंद पडत होता. सर्व्हरची मेमरी वाढवून पाहावी, असे काही सहकाऱ्यांचे मत होते; मला ते पटत नव्हते, कारण बेरीज करायला एका वेळी एका उत्पादकाच्या नोंदी पुरेशा असतात.

कोड उघडला तेव्हा नोंदी हजाराहजाराच्या बॅचमध्ये आणण्याची सूचना, म्हणजे फेच साइज, त्यात आधीपासूनच लिहिलेली दिसली. त्यामुळेच त्या ओळीवर कोणाला संशय आला नव्हता. मी प्रोग्राम चालवून मेमरीचा आलेख समोर ठेवला. पहिली नोंद हाती येण्यापूर्वीच आलेख वर चढत गेला आणि तेथेच प्रोग्राम पडला. बॅच केवळ कागदावर होती. प्रत्यक्षात सगळा निकाल एकदम येत होता.

पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणारा भाग, मुळात संपूर्ण निकाल एकाच वेळी आणून मेमरीत ठेवतो. तो टप्प्याटप्प्याने आणायचा असेल, तर फेच साइजबरोबरच ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक आदेशानंतर बदल आपोआप कायम करण्याची सोय, बंद असावे लागते आणि निकाल फक्त पुढे जात वाचण्याच्या प्रकारचा असावा लागतो. यातील एक अट जरी मोडली, तरी ड्रायव्हर कोणतीही तक्रार न करता सगळे उचलून आणतो, आणि हे मौनच मला फार घातक वाटते. आमच्याकडे ऑटोकमिट चालू होते.

ते बंद करताच आलेख सपाट झाला, परंतु थोड्याच वेळात पोर्टल, म्हणजे निकाल कुठवर वाचला याची डेटाबेसमधील खूण किंवा कर्सर, अस्तित्वात नसल्याची चूक आली. वाचन आणि फरकाची रक्कम लिहिणे एकाच कनेक्शनवर चालू होते. लिहिल्यानंतर कमिट झाले, म्हणजे बदल कायम झाले, की डेटाबेसचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) संपे आणि त्याच्याबरोबर वाचनाचा कर्सरही मिटे. लिहिण्यासाठी वेगळे कनेक्शन घेतल्यावर ही अडचण सुटली.

लिमिट (किती नोंदी घ्यायच्या) आणि ऑफसेट (आधीच्या किती सोडायच्या) वापरून तुकडे पाडण्याची सूचना एका सहकाऱ्याने केली होती. त्यात पुढच्या प्रत्येक तुकड्यासाठी डेटाबेसला आधीच्या सर्व नोंदी मोजून टाकून द्याव्या लागतात, त्यामुळे शेवटचे तुकडे सर्वांत महाग पडतात; म्हणून तो मार्ग आम्ही घेतला नाही. बॅच मात्र हजाराचीच ठेवली, कारण दहा-दहा नोंदी मागवल्या असत्या, तर ७३ लाखांसाठी ७,३०० ऐवजी ७,३०,००० फेऱ्या झाल्या असत्या.

सर्वाधिक काळजी बॅचच्या सीमेची होती. एखाद्या उत्पादकाच्या काही नोंदी एका बॅचमध्ये आणि उरलेल्या पुढच्या बॅचमध्ये येणारच. तेथे बेरीज तुटली, तर कोणाच्या तरी घामाचे पैसे कमी पडतात. म्हणून नोंदी उत्पादक क्रमांकाने लावून घेतल्या, क्रमांक बदलल्यावरच रक्कम लिहिली आणि वाचन संपल्यावर शेवटच्या उत्पादकाची रक्कम स्वतंत्रपणे लिहिली. संध्याकाळचे संकलन आटोपल्यावर प्रोग्राम चालवला आणि लिटरची एकूण बेरीज थेट डेटाबेसकडून काढलेल्या बेरजेशी ताडून पाहिली. दोन्ही आकडे जुळल्यावर लेखापालांनी रात्रीच यादी बँकेला पाठवली.