टॉन्सिलमधले खडे

निपाणी, गुरुवार, रात्री

खोकताना भाताच्या शितासारखा पिवळसर कण तोंडात आला आणि चिरडल्यावर घाण वास सुटला, की आपल्याकडे ठरलेलं निदान होतं: पोटातली उष्णता. मग पित्ताच्या गोळ्या सुरू. आज हे नीट लिहून ठेवतो, कारण तो कण पोटातून येतच नाही.

पडजिभेच्या दोन्ही बाजूंच्या टॉन्सिलमध्ये खोल, फाटे फुटलेल्या खाचा असतात. अन्नाचे कण, झडलेल्या पेशी, चिकटा त्यात साचतो. आत हवा पोचत नाही, त्यामुळे प्राणवायूविना वाढणारे जंतू तिथं फोफावतात. त्यांच्या गंधकयुक्त वायूंचा तो वास. वर कॅल्शियमचे क्षार बसले की कण घट्ट होतो. ज्यांचे टॉन्सिल सारखे सुजतात त्यांना हा त्रास जास्त. कधी कानातही कळ जाते, कारण घसा आणि कान यांना जोडणारी नस एकच.

बहुतेक खडे काही मिलिमीटरचे असतात आणि आपोआप पडतात. त्यांना हात लावायची गरजच नसते, हे मला सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, मान मागे टाकून, घशातून आवाज काढत अर्धा मिनिट गुळणी करावी. जेवणानंतर अशा तीन-चार. मिठानं खडा विरघळत नाही, पाण्याच्या हालचालीनं सुटतो. म्हणून मीठ वाढवून उपयोग नाही, घसा मात्र कोरडा पडतो. रात्री दात घासून जीभही खरवडावी. तोंडाच्या वासाचं मूळ बहुतेक वेळा जीभ आणि हिरड्यांतच असतं, खडा निघूनही वास राहतो तो यामुळेच.

खडा खाचेच्या तोंडाशी स्पष्ट दिसत असेल तरच काढायचा विचार करावा. हात धुवावेत, आरसा आणि मोबाईलचा टॉर्च घ्यावा, कापसाची काडी ओली करून खड्याच्या खालच्या बाजूला हलकेच दाबावं. उबळ आली किंवा रक्त दिसलं की लगेच थांबावं. आगकाडी, सेफ्टी पिन, नख अजिबात नको: टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो, जखम झाली तर रक्त थांबवणं अवघड. लहान मुलांच्या घशात तर घरी काही घालूच नये.

अँटिबायोटिकनं वास काही दिवस कमी होतो, खाचा तशाच राहतात, खडे परत येतात. शस्त्रक्रिया फार त्रास असेल तरच. मोठ्या माणसाला त्यानंतर सुमारे दोन आठवडे गिळताना दुखतं, आणि पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास रक्तस्रावाची भीती असते.

आपला भाग तंबाखूचा. मशेरी, गुटखा, विडी घरोघरी. म्हणून एक गोष्ट फार कळकळीनं लिहितो. एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर 'खडाच असेल' म्हणून थांबू नये. कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवावं आणि तंबाखू किती वर्षं, किती, हे त्यांच्यापासून लपवू नये. ताप येऊन तोंड उघडेनासं झालं, लाळही गिळता येईना, तर आत पू झालेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी बेळगाव गाठावं, रात्र काढू नये.