गाडीचं ॲव्हरेज नेमकं कुठं जातं

ॲव्हरेज पडलं म्हणून मेस्त्रीकडं गाडी लावण्याआधी ते खरंच पडलंय का, एवढं मोजून घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याच गाड्यांत थोडा चढाच असतो, आणि पाचशेचं-हजाराचं तेल टाकून मनातल्या मनात काढलेल्या हिशोबाला काही अर्थ नाही. टाकी भरा. नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की तिथंच थांबा, रक्कम पूर्ण करायला पुढं दाबून भरू देऊ नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान ३०० किलोमीटर चालल्यावर त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, पुन्हा तसंच कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एका वेळी एक लिटर जास्त दाबलं गेलं, तर २० लिटरच्या हिशोबात ५ टक्क्यांची चूक तिथंच झाली. म्हणून तीन टाक्यांची सरासरी धरावी. पुढं सांगितलेल्या कित्येक उपायांचा फायदा एक-दोन टक्क्यांचाच आहे. मोजमाप ढिलं असेल तर तो दिसणारच नाही.

मोजल्यावर खरंच कमी भरलं, तर आधी पेट्रोलचा विचार करा. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळं थोडी घट ठरलेलीच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच तसा अंदाज दिलेला आहे: मूळ बिनाइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के, तर ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के. तुमची जुनी गाडी पूर्वी १७ देत होती आणि आता १६ देते, एवढ्यावरून इंजिन खोलायला सांगू नका. जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील मात्र तपासून घ्या. टाकीजवळ किंवा बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर त्यात उशीर नको.

आता आपल्या मराठवाड्यात ज्या गोष्टीवर बरंच पेट्रोल विनाकारण जळतं, ती सांगतो: काढून टाकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या पुढं गेला की गाड्या तापतात, आणि अनेक गॅरेजमध्ये त्यावर सोपा तोडगा म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकतात. गाडी तापायची थांबते, मालक खूश. पण इंजिन साधारण ९० अंशाच्या आसपास चालावं अशीच त्याची रचना असते. थर्मोस्टॅट नसला की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतं, आणि हायवेवर, हिवाळ्यात तर नक्कीच, इंजिन गार राहतं. इंजिन अजून गरम व्हायचंय असं समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. ऑइलही घट्टच राहतं. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावला तर अशा गाडीत बहुधा पी०१२८ हा कोड सापडतो, म्हणजे कूलंट पुरेसं गरम होत नाही. टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागेवर यायला खूप वेळ घेत असेल, किंवा मोकळ्या रस्त्यावर पुन्हा खाली उतरत असेल, तर थर्मोस्टॅट आहे का आणि असला तर उघडाच अडकलाय का, हे बघायला लावा.

गाडी तापण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा दुसरीकडंच असतं. रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे, कापसाचे तंतू अडकलेले असतात. फॅनची मोटर किंवा रिले गेलेला असतो. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग ढिली झालेली असते. आणि सगळ्यात जास्त वेळा, आत बोअरचं पाणी ओतलेलं असतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गरम झाले की आतल्या नळ्यांवर पांढरा थर धरतात, आणि तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालतो तेच) निम्मं-निम्मं मिसळायचं. डब्यावर 'रेडी टू यूज' लिहिलेलं असेल तर त्यात पाणी अजिबात घालायचं नाही. जाळी धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेने, साध्या पाइपने सोडा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की बारीक पाती आडव्या होतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद होतो. पुढं बसवलेला एसीचा कंडेन्सरही याच वेळी धुऊन घ्यावा.

एअर फिल्टरबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. 'फिल्टर साफ करा, ॲव्हरेज वाढेल' हे कार्ब्युरेटरच्या काळातलं सत्य आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर तपासलं, तेव्हा फिल्टर कोंदला तरी ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला. हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो, म्हणून असं होतं. तरीही मुरमाच्या रस्त्यांवर आणि कामं चालू असलेल्या महामार्गांवर फिरणाऱ्यांनी फिल्टरकडं लक्ष द्यायचं ते इंजिनच्या आयुष्यासाठी. मॅन्युअलमध्ये धुळीच्या भागासाठी फिल्टर बदलण्याचं वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं, आपल्याला तेच लागू. कागदी फिल्टर पाण्याने धुवू नका. कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने, आतून बाहेर मारा. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी खोल बसते. मग फिल्टरच्या आत टॉर्च धरा: उजेडाचा एखादा ठिपका लख्ख दिसला की तिथं भोक आहे, तो फिल्टर टाकून द्या. बसवताना कडेचं रबर खाचेत नीट बसलंय का ते बोट फिरवून बघा. रबर मुडपून बसलं तर फटीतून गेलेली धूळ पिस्टन रिंगा खाते, आणि पुढं कॉम्प्रेशन गेलं की ॲव्हरेज कायमचं गेलं.

ऑइलचं थोडक्यात. गाडीला ०डब्ल्यू-२० (पातळ ऑइलची ग्रेड) सांगितलं असेल तर तेच घाला. 'आपल्याकडं ऊन फार, जाड ऑइल चांगलं' म्हणून ड्रममधलं २०डब्ल्यू-४० ओततात, त्याने पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनचा ओढा वाढतो. योग्य ग्रेडचा फरक १ ते २ टक्के धरतात. पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरलं तर क्रँक ते घुसळत बसतो आणि ताकद तिथंच जाते.

हवेचा दाब हा दर पंधरा दिवसांचा विषय आहे. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. टायरच्या बाजूला छापलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो. चौकटीवरचा आकडा थंड टायरचा आहे. तापमान साधारण ५ ते ६ अंशांनी वाढलं की दाब १ पीएसआयने वाढतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, ४० किलोमीटर चालवून आल्यावर पंक्चरवाल्याने ३३ भरून दिली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तीच हवा २७-२८ निघू शकते. म्हणून सकाळी, घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत भरा. तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली म्हणून काढू नका. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशोबाने चारही टायरांत १ पीएसआय कमी असेल तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्क्याने घटतं. आकडा लहान आहे, पण कमी हवेचा टायर समृद्धीच्या सिमेंटवर दुपारी तापून फुटण्याचा धोका लहान नाही. नायट्रोजनने ॲव्हरेज वाढत नाही, साधी हवा वेळेवर भरणं पुरतं.

पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने गाडी नेणाऱ्यांनी चाकं आतून धुवावीत. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला थापून वाळते, मग ८० ला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंगला पैसे देतात. तीच माती मागच्या चाकात, हँडब्रेकच्या केबलपाशी बसली की केबल पूर्ण सुटत नाही. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड दाबून धरणाऱ्या भागाच्या) पिना सुकल्या तरी पॅड डिस्कला घासत राहतात. हे ओळखायची पद्धत सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर १५-२० किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक फारसा न वापरता गाडी हळूहळू थांबवा आणि चारही रिमच्या जवळ हात नेऊन बघा. डिस्कला हात लावू नका. एक चाक त्याच्या जोडीच्या चाकापेक्षा स्पष्ट गरम लागलं, तर तिथं ब्रेक धरतोय. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावायला सांगा, साध्या ग्रीसने आतलं रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. अलाइनमेंटचा अंदाज हाताने घेता येतो. टायरच्या नक्षीवरून तळहात आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं टोचलं, तर टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडलाय आणि टायर रस्त्यावर घासत चाललाय.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असताना महिनोन्‌महिने गाडी चालवू नका. खराब ऑक्सिजन सेन्सरसारखा मोठा दोष दुरुस्त केल्यावर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, असं त्याच ऊर्जा खात्याचं म्हणणं आहे. यादीतला सगळ्यात मोठा आकडा हाच. मोबाइलला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर घेतलात तर 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' बघायला शिका, म्हणजे ईसीयूला ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के कमी-जास्त सोडावं लागतंय तो आकडा. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. सतत त्याच्या बाहेर असेल तर सेन्सर, इंजेक्टर किंवा कुठं तरी हवा गळतेय.

एवढं सगळं नीट असूनही निम्मा हिशोब उजव्या पायाच्या हातात असतो. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणून १२० नेच जायला हवं असं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० च्या मानाने १२० ला तो सव्वादोनपट होतो. ८० ला २० देणारी छोटी गाडी १२० ला १४-१५ वर आली तर त्यात गाडीचा दोष नाही. १२० किलोमीटरच्या पल्ल्यात १२० ऐवजी ९० ने गेलात तर २० मिनिटं जास्त लागतात. त्या २० मिनिटांची किंमत ज्याची त्याने ठरवावी, पण ठरवून चालवावं.

राज्य मार्गांवर खरा खर्च गतिरोधकांचा. १००० किलोची गाडी ० वरून ६० ला नेण्यात, इंजिनची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर, केवळ वेग मिळवायला सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल जातं. ब्रेक दाबला की ते उष्णता होऊन उडून गेलं. वाटेत गावागावांत असे २० गतिरोधक आले आणि प्रत्येकाला जोरात जाऊन कचकन दाबलं, तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लिटर नुसत्या ब्रेकमध्ये गेलं. गाव दिसलं की पाय काढायचा, गाडी गिअरमध्येच ठेवायची. गाडी गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, आरपीएम खाली येईपर्यंत खर्च शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला पुन्हा पेट्रोल लागतं. त्यामुळं कन्नडच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात उतारावर न्यूट्रल सोडणारा पेट्रोल वाचवत नाही, उलट थोडं जास्तच जाळतो, आणि इंजिनचा अटकाव गेल्याने ब्रेक तापवतो. इंजिन बंद करून उतरणं तर जिवावरचं आहे: दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. असं कुणी करत असेल तर गाडीत बसलेल्यांनी तिथंच बोलावं.

गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलात तर हाफ क्लचवर रेटू नका. अंतर सोडा आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लचवरून पाय पूर्ण काढून चाला. क्लच घसरतोय का हे बघायला सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० ला असताना रेस एकदम दाबा. आरपीएम उडी मारून वर गेला आणि वेग तिथंच राहिला, तर प्लेट गेली.

तुळजापूरला किंवा लग्नाला जाताना लावलेला कॅरिअर परत आल्यावर काढून ठेवा, रिकामा असला तरी तो हायवेवर हवा अडवतोच. टाकीत टाकायच्या गोळ्या आणि नळीला लावायची चुंबकं यांवर पैसे घालू नका.

राहिला एसी. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं एसी बंद ठेवून चालवा असं कुणी सांगू नये, ते ड्रायव्हरच्या तब्येतीला आणि लक्षाला परवडणारं नाही. पण फार उष्ण हवेत, त्यातही छोट्या फेऱ्यांत, एसी ॲव्हरेजचे २५ टक्क्यांहून जास्तही खाऊ शकतो. उन्हात उभी केलेली गाडी आतून बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. चारही काचा खाली करून एक-दोन मिनिटं चालवा, कोंडलेली गरम हवा निघून जाईल. मग काचा वर, एसी चालू, आणि गाडी आतून थंड व्हायला लागली की हवेचं बटण रीसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवण्यावर) ठेवा. ७०-८० च्या पुढं काचा उघड्या ठेवून वाचवलेलं पेट्रोल वाऱ्याच्या विरोधात जातं, तिथं एसीच बरा. एसी लावून गाडी उभी ठेवून कुणाची वाट बघायची असेल तर सावली शोधा आणि इंजिन बंद करा.