रॅंसचा वीकएंड: आधी तळघराची वेळ, मग बाकी सगळं

फ्रान्समधल्या शॅम्पेनच्या प्रदेशात, जिथे ही बुडबुड्यांची वाइन तळघरांत मुरते, शनिवार-रविवार काढायचा म्हटलं की लोक आधी रेल्वेचं तिकीट काढतात, मग हॉटेल बघतात आणि शेवटच्या आठवड्यात तळघरांच्या वेळा शोधायला बसतात. रॅंसमध्ये (इंग्रजी वळणाने ‘रीम्स’ म्हणतात तेच हे शहर) हा क्रम उलटा हवा. गाड्या दिवसभर असतात, हॉटेलंही मिळतात. पण शनिवारी सकाळची, इंग्रजीतून माहिती देणारी, खडूच्या खाणीत उतरणारी फेरी प्रत्येक ठिकाणी एखाद-दुसरीच असते आणि तिच्यात माणसं मोजकीच घेतात. ती वेळ हातात आली की गाडी, जेवण, कॅथीड्रल सगळं तिच्याभोवती बसवता येतं. उलट करायला गेलात तर दुपारी साडेचारची फ्रेंच फेरी पदरात पडते आणि शनिवारचे दोन तुकडे होतात.

बुकिंग त्या-त्या शॅम्पेन घराण्याच्या (म्हणजे शॅम्पेन बनवणाऱ्या कंपनीच्या) स्वतःच्या संकेतस्थळावर करायचं. फेरी साधारण सव्वा ते दीड तासाची, शेवटी एक किंवा दोन ग्लास. दर साधारण तीस-चाळीस युरोपासून सुरू होतात. जुन्या सालाची किंवा घराण्यातली सर्वांत महागडी शॅम्पेन चाखायची असेल तर आकडा झपाट्याने चढतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने सर्वांत स्वस्त फेरीच घ्यावी. खाण तीच, माहिती तीच, फरक फक्त ग्लासातला.

कुठलं तळघर निवडायचं? शहराच्या आग्नेयेला सेंट-निकेझची टेकडी आहे. तिच्या पोटात रोमन काळापासून बांधकामासाठी खडूचा दगड काढला गेला. त्या खाणी वर अरुंद, खाली रुंद होत गेलेल्या; आत वर्षभर दहा-बारा अंश तापमान आणि भरपूर दमटपणा. बाटल्या वर्षानुवर्षं निवांत पडून राहायला याहून चांगली जागा नाही. 2015 साली ही टेकडी युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. तेतँजे, पोमेरी, रुइनार आणि वव्ह क्लिको ही चारही घराणी याच भागात, एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत. रुइनार 1729 सालचं, म्हणजे शॅम्पेनचं सर्वांत जुनं घराणं. तेतँजेच्या तळघरात जुन्या मठाचे अवशेषही दिसतात. पोमेरीत 116 पायऱ्यांचा भलामोठा जिना आहे. तो उतरताना छान वाटतो, पण परत चढूनही यायचं असतं. गुडघे कुरकुरत असतील तर बुकिंगच्या आधी पायऱ्यांबद्दल आणि लिफ्टबद्दल विचारून घ्या.

या चारांपैकी एकच घ्या. दुसरं तळघर घ्यायचं तर वेगळ्या जातीचं घ्या. वीकएंडला तिसरं तळघर म्हणजे पैसे आणि जीभ दोन्ही वाया. कारण सोपं आहे: सगळे गाइड तेच सांगतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवणं, त्यातून तयार होणारा पाच-सहा बारचा दाब, बाटल्या रोज थोड्या-थोड्या फिरवून गाळ तोंडाशी आणणं, तो गाळ उडवून टाकणं, आणि शेवटी साखरेचा डोस. शेवटच्या टप्प्याकडे मात्र कान द्या, कारण खरेदीला तोच उपयोगी पडतो. ‘ब्रूत’ म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, ‘एक्स्ट्रा ब्रूत’ म्हणजे सहापर्यंत, ‘ब्रूत नातुर’ तीनपेक्षा कमी आणि वरून साखर अजिबात घातलेली नाही. ‘एक्स्ट्रा ड्राय’ मात्र नावाने फसवते, ती ब्रूतपेक्षा गोड असते: 12 ते 17 ग्रॅम. ‘दमी-सेक’ 32 ते 50, ती मिठाईबरोबर.

फेरीच्या दोन अटी लोक वाचत नाहीत. पहिली, उशीर. गट एकदा खाली उतरला की मागून कोणाला सोडत नाहीत, म्हणून दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा. दुसरी, कपडे. वर जुलैचं बत्तीस अंश ऊन असलं तरी खाली तासभर दहा अंशांत उभं राहायचं आहे. स्वेटर हातात असू द्या, आणि ओल्या फरशीवर न घसरणारे बूट घाला.

आता पोहोचायचं कसं. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून तेझेव्हे (टीजीव्ही, फ्रान्सची अतिवेगवान गाडी) थेट रॅंसला पाऊण तासात येते. पण तिकीट काढताना दोन स्टेशनं दिसतात आणि इथेच घोळ होतो. एक ‘रॅंस’, शहराच्या मध्यात; दुसरं ‘शॅम्पेन-आर्देन तेझेव्हे’, शहराबाहेर दक्षिणेला बेझानमध्ये. शार्ल द गोल विमानतळावरून येणारी थेट गाडी या दुसऱ्या स्टेशनवर थांबते. तिथून ट्रामची बी लाइन किंवा स्थानिक गाडी शहरात आणते. अडचण काहीच नाही, फक्त अर्धा तास जास्त धरा. पॅरिसमधून येत असाल तर मध्यातलंच स्टेशन निवडा. तेझेव्हेचं भाडं मागणीनुसार वाढतं, म्हणून तळघराची वेळ पक्की झाली की त्याच दिवशी तिकीट काढून टाका.

भाड्याची गाडी घेऊ नका. फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम मद्यार्काची मर्यादा आहे, नवीन परवानाधारकांना 0.2. बारा टक्क्यांच्या वाइनचा दहा सेंटीलिटरचा ग्लास म्हणजे सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क. दोन ग्लासांनंतर किरकोळ अंगाचा माणूस मर्यादेच्या अगदी काठावर येतो, आणि नवीन परवानावाल्याला तर एक ग्लासही नको. शिवाय रॅंसमध्ये गाडीची गरजच पडत नाही: कॅथीड्रलपासून टेकडी पायी वीस-पंचवीस मिनिटं. ट्राम टेकडीवर जात नाही, बस जाते.

शनिवारची सुरुवात बुलँग्रँच्या बाजारापासून करा. हा काँक्रीटच्या कमानीचा 1920च्या दशकातला हॉल, शनिवारी पहाटेपासून दुपारपर्यंत भरतो. साडेआठला पोहोचलात तर गर्दी कमी. इथूनच शाऊर्स किंवा लांग्र चीज, रॅंसचं हॅम, पाव आणि फळं घेऊन ठेवा. हे हौसेपेक्षा गरजेचं जास्त आहे, त्याचं कारण पुढे येतं. बाजारालगतच पोर्त द मार्स ही तिसऱ्या शतकातली रोमन कमान आहे, तिला पाच मिनिटं पुरतात.

साडेदहा-अकराची तळघराची फेरी सर्वांत उत्तम. जेवणाआधी जीभ ताजी असते, पण पोट रिकामं नको. पाव-चीज खाऊन जा. ग्लास पूर्ण संपवायची सक्ती नसते. थुंकदाणी मागा, कोणी वेड्यात काढत नाही, त्या धंद्यातले लोक हेच करतात. अठरा वर्षांखालच्यांना फेरीत घेतलं तरी शॅम्पेन देत नाहीत. सगळं कुटुंब येणार असेल तर मुलांचा दर आणि किमान वय आधी बघा, घराण्यागणिक ते बदलतं.

फेरीनंतर टेकडीच्या जवळच सेंट-रेमीची बॅसिलिका (मोठं जुनं चर्च) आहे. अकराव्या शतकात सुरू झालेली ही इमारत कॅथीड्रलपेक्षा शांत आहे आणि आमच्या मते जास्त सुंदरही. क्लोव्हिस राजाला बाप्तिस्मा देणारे सेंट रेमी इथे पुरलेले. लोक तळघर झालं की थेट मध्यवस्तीत परततात आणि ही जागा सोडून देतात.

कॅथीड्रल दोनदा बघा, कारण उजेड दोन वेळा वेगळा असतो. पश्चिमेकडचा दर्शनी भाग, त्यावरचा हसरा देवदूत, दुपारनंतर उजळतो. आतल्या पूर्व टोकाच्या चॅपेलमध्ये 1974 साली बसवलेल्या चित्रकार मार्क शागालच्या निळ्या काचा मात्र सकाळीच खुलतात. 1211 साली बांधकाम सुरू झालेल्या या कॅथीड्रलमध्ये फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक व्हायचे. 1429 मध्ये जोन ऑफ आर्कच्या उपस्थितीत सातव्या चार्ल्सचा झाला, शेवटचा 1825 मध्ये दहाव्या चार्ल्सचा. पहिल्या महायुद्धात तोफांनी छत जाळलं. आज वरची चौकट लाकडाची नसून काँक्रीटची आहे. शहरही तेव्हा बहुतांश उद्ध्वस्त झालं होतं, म्हणून मध्यवस्तीत 1920च्या दशकात पुन्हा बांधलेल्या, त्या काळच्या आर्ट डेको शैलीच्या इतक्या इमारती दिसतात. कार्नेगी लायब्ररीच्या दारात जरा थांबा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांना आत मोकळं फिरता येत नाही. शागाल शनिवारी सकाळी, बाजार आणि तळघराची फेरी यांच्या मध्ये उरकून घ्या.

जेवणाच्या वेळा पाळाव्याच लागतात. दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी सातनंतर. अडीच वाजता भूक लागली तर बहुतेक स्वयंपाकघरं बंद झालेली असतात. द्रुए देर्लों चौकातल्या ब्रासरीत दिवसभर काहीतरी मिळतं, पण चवीच्या फार अपेक्षा ठेवू नका. रविवारी रात्री आणि सोमवारी कितीतरी चांगली रेस्तराँ बंद असतात. बाजारातलं चीज तेव्हा कामाला येतं. शनिवार रात्रीचं टेबल तळघराच्या बुकिंगच्या पाठोपाठच सांगून ठेवा.

रविवारसाठी दोन रस्ते. पहिला, स्टेशनच्या आजूबाजूलाच राहायचं. मुम घराण्याचं तळघर स्टेशनच्या उत्तरेला आहे. ते खडूच्या खाणींसारखं नसून लांबलचक गल्ल्यांचं आहे, म्हणून दुसरं तळघर म्हणून चालतं. समोरच फुजिताचं चॅपेल, जपानी चित्रकाराने स्वतः रंगवलेलं, 1966 सालचं. उन्हाळ्याच्या महिन्यांतच उघडतं. आणि 7 मे 1945च्या पहाटे जर्मनीने शरणागतीवर सही केली ती खोली, आता संग्रहालय, भिंतीवरचे नकाशे जसेच्या तसे. सगळं गाडीच्या वेळेच्या आत आणि सामान घेऊन धावपळ न करता होतं.

दुसरा रस्ता एपर्ने. स्थानिक गाडीने अर्धा तास, स्टेशनपासून दहा मिनिटांत शॅम्पेन रस्ता. एका किलोमीटरभर शॅम्पेनचे वाडे: खालच्या टोकाला मोएत ए शांदों, अठ्ठावीस किलोमीटर बोगदे, वरच्या टोकाला मर्सिए, तिथे लिफ्टने उतरून छोट्या गाडीतून फिरवतात, म्हणून पायऱ्या नकोशा असणाऱ्यांना हेच सांगू. अडचण एकच: रविवारी स्थानिक गाड्या कमी असतात. परतीची गाडी आधी ठरवा, मग तळघराची वेळ घ्या. ‘डॉम पेरिन्यॉं’ शॅम्पेनला ज्यांचं नाव आहे ते पेरिन्यॉं पाद्री पुरलेले ओतविए गाव तिथून सहा किलोमीटर चढावर आहे; रविवारी टॅक्सी आधी सांगून न ठेवता निघालात तर चालतच परत यावं लागेल. एका वीकएंडला एपर्ने आणि ओतविए दोन्ही कोंबू नका.

कधी जायचं? मे ते ऑक्टोबर, पण ऑगस्टअखेर ते सप्टेंबर द्राक्षतोडणीचे दिवस. शॅम्पेनची द्राक्षं हातानेच तोडावी लागतात, त्यामुळे छोट्या शेतकऱ्यांच्या घरी तेव्हा कोणाला वेळ नसतो. मोठी घराणी चालू असतात. जानेवारीत काही तळघरं बंद असतात. 1 मेला जाऊच नका, जवळपास सगळं बंद.

बाटल्या घेताना लेबलावरची बारीक अक्षरं बघा. ‘आरएम’ म्हणजे स्वतःच्या द्राक्षांची शॅम्पेन स्वतः बनवणारा शेतकरी, ‘एनएम’ म्हणजे द्राक्षं विकत घेणारं घराणं, ‘सीएम’ म्हणजे सहकारी संस्था. घराण्यांच्या बाटल्या विमानतळावरही मिळतात. रॅंसहून न्यायची तर ‘आरएम’ न्या. कॅथीड्रलजवळच्या दुकानांत शनिवारीच घ्या, रविवारी सगळी उघडतीलच असं नाही. एक भरलेली बाटली सुमारे 1.6 किलो, म्हणजे सहा बाटल्या जवळजवळ दहा किलो. बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात 100 मिलीलिटरपेक्षा जास्त द्रव चालत नाही, त्यामुळे त्या चेक-इन बॅगेत, मध्यभागी, प्रत्येकीभोवती कपडे गुंडाळून ठेवा.