थोमाच्या मागावर चेन्नईत: आधी गुहा, मग डोंगर, शेवटी थडगं

मराठी बायबलातला थोमा, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक; येशू पुन्हा उठला हे त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा. परंपरेप्रमाणे तो इ.स. ५२ मध्ये केरळात मुझिरिस बंदरात उतरला आणि ७२ मध्ये मयिलापूरजवळ भाल्याने मारला गेला. बहुतेक जण आधी समुद्राकाठचं सँथोम चर्च गाठतात, म्हणजे गोष्टीचा शेवट आधी वाचतात. मी लपणं, मरण, थडगं असा क्रम धरतो.

लिट्ल माउंट मेट्रो स्थानकाला उतरा. टेकडी इवलीशी, तमिळमध्ये चिन्नमलै. थोमा लपायचा ती गुहा इथेच. तोंड अरुंद आहे, वाकूनच आत शिरावं लागतं; पाठीवरची सॅक आधी काढा.

पुढे सेंट थॉमस माउंट, परंपरेप्रमाणे थोमा मारला गेला तो डोंगर. रिक्षावाल्याला नुसतं 'सेंट थॉमस' म्हणालात तर तो सँथोमला नेईल आणि दहा-बारा किलोमीटरचा फेरा पडेल. 'परंगिमलै' म्हणा. परंगी म्हणजे आपला फिरंगी! पायऱ्या सुमारे १३५, दगडी. दुपारी तापतात, म्हणून सकाळीच चढा. गुडघे कुरकुरत असतील तर वर गाडीरस्ताही जातो.

वरचं चर्च पोर्तुगीजांचं, आणि खरा ऐवज वेदीमागे: काळ्या दगडात कोरलेला क्रूस. वर झेपावणारं कबुतर, खाली कमळ, भोवतीच्या कमानीवर पहलवी, म्हणजे जुन्या पर्शियन लिपीतली अक्षरं. हा १५४७ मध्ये खोदकामात सापडला. १५५८ मध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना चालू असताना त्यातून रक्त पाझरलं, अशी नोंद सांगतात. क्रूस थोमाने स्वतः कोरला ही श्रद्धा. लिपी मात्र त्याच्यानंतर कित्येक शतकांची, पर्शियाशी नातं असलेल्या ख्रिस्ती लोकांची. मला हीच गोष्ट जास्त मोलाची वाटते: पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी इथे उपासना चालू होती, याचा तो दगडी पुरावा आहे. दिव्यांच्या उजेडात अक्षरं पुसट दिसतात. समोरून न बघता बाजूला सरका, खाचांत सावली पडली की उठून येतात.

अंगणात विल्यम लॅम्ब्टनचा पुतळा आहे. त्याने सुरू केलेल्या भारताच्या महासर्वेक्षणाची पहिली पायारेषा, म्हणजे पुढची सगळी मोजणी जिच्यावर उभी राहते ती रेषा, १८०२ मध्ये याच परिसरात मोजली गेली. हा गृहस्थ १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, कबर तिथेच.

शेवटी सँथोम. सध्याची पांढरी गॉथिक इमारत १८९० च्या दशकातली. थडगं मुख्य सभागृहात शोधू नका. त्याचा भुयारी गाभारा वेगळा, वाट चर्चच्या मागच्या बाजूने. मार्को पोलोने लिहिलंय की भाविक इथली तांबडी माती नेऊन आजाऱ्यांना पाण्यातून पाजत. अस्थींचा मोठा भाग मात्र इथे नाही. तो फार पूर्वीच एडेसाला (आजच्या तुर्कस्तानात) गेला, तिथून ग्रीसचं कियोस बेट, आणि १२५८ पासून इटलीतल्या ओर्तोनात आहे. इथे उरलाय हाडाचा एक लहानसा तुकडा.