पारोसं राहायचं नाही म्हणून

राहायची सोय केलेल्या गाडीत हीटर घ्यावा का, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, पण तुमच्याआधी पन्नासेक जणांनी हेच विचारलंय. सोलापुरात सात रस्त्याला पंक्चर काढायला गाडी उभी केली की टायरवाला वाकतो, खालून बाहेर आलेली दोन बोटं जाडीची धुराची नळी बघतो आणि म्हणतो, "मालक, हे काय की हो?" हीटर म्हटलं की हसतो. "मे महिन्यात गाडीच्या सीटवर बूड टेकवता येईना आपल्याकडं, अन् तुम्ही हीटर लावलाय?"

त्याचं हसणं रास्तच आहे. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जाणारं आपलं गाव. दुपारी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला तर हात पोळतो. थंडी म्हणजे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत आठवडाभर स्वेटर, एवढीच.

टायरवाल्याला मी हसून सोडून देतो. तुमचा प्रश्न मात्र पुढचा आहे. तुम्हीही ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन आत पलंग, ओटा, टाकी बसवताय, आणि हवा नि पाणी दोन्ही तापवणारा एकच हीटर, ज्याला सगळे कॉम्बी म्हणतात, तो घ्यावा का आणि कुठला घ्यावा, हे तुम्हाला हवंय.

आम्ही घेतला तो आईमुळं. तिला बद्रीनाथ करायचं होतं, आणि तिची अट एकच. गाडीत झोपेन, डाळ-भात खाऊन राहीन, पण पारोशी राहणार नाही. आंघोळ झाल्याशिवाय देवाला दिवा नाही आणि दिव्याशिवाय चहा नाही. हिनंही लगेच सासूची बाजू घेतली. आता बद्रीनाथला पोचल्यावर कळलं की देवळाच्या पायथ्याशी तप्तकुंड आहे, चोवीस तास गरम पाणी, फुकट. ज्या गावासाठी यंत्र घेतलं तिथंच ते दोन दिवस बंद होतं. पण वाटेतल्या सकाळी त्यानं निभावल्या.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की कॉम्बी हा हवेचा नाही, पाण्याचा निर्णय आहे. नुसती हवा गरम करायची तर डिझेलवर चालणारा साधा हवेचा हीटर स्वस्तात मिळतो, जागा कमी खातो, बिघडला तर रस्त्यावरचा मेकॅनिकही खोलतो. त्यावर जादा पैसे घालायचे ते आंघोळीसाठी. ती नको असेल तर इथंच वाचन थांबवा आणि दोन सोलापुरी चादरी घ्या.

विकणारा किलोवॅट सांगेल. चार किलोवॅट, सहा किलोवॅट. तुम्ही बादली मोजा. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं अशा गावात वाढलेली माणसं आपण, बादलीचा हिशेब आपल्याला शिकवावा लागत नाही. बहुतेक कॉम्बींच्या पोटात १० लिटरची टाकी असते. जर्मनीच्या ट्रूमाची १० लिटर, वेबास्टोच्या ड्युअल टॉपची ११. हे पाणी ६० अंशांपर्यंत तापतं. टाकीतलं गार पाणी १५ अंशांचं असेल, तर मिसळून ३८ अंशांचं साधारण १९-२० लिटर होतं. म्हणजे एक बादली. हिमाचलात टाकीतलंच पाणी ५ अंशांवर येतं, तेव्हा तीच बादली सतरा लिटरवर येते. वीसेक मिनिटं थांबलात की दुसरी बादली. म्हणजे सहा किलोवॅटच्या यंत्राला बादली मोठी होत नाही. ट्रॅव्हलरच्या आकाराला, आतून नीट थर्माकोल किंवा फोम लावला असेल तर चार किलोवॅट भरपूर झाले. लावला नसेल तर आधी तो लावा, हीटर नंतर.

आता इंधन. इथं माणसं सगळ्यात जास्त चुकतात, आणि मीही चुकणार होतो. मला गॅसचा हवा होता. आवाज नाही, वास नाही, आणि आपल्या घरच्या रेग्युलेटरचा दाबही ३० मिलिबारच्या आसपास, तोच या यंत्रांना लागतो. मग जमलं की! पण युरोपातली माणसं हिवाळ्यात प्रोपेन वापरतात, आणि आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर भरपूर ब्यूटेन असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळून वायू होतो. ब्यूटेन शून्याच्या जवळपासच थबकतो. म्हणजे जिथं हीटर खरंच लागतो, नेमका तिथं सिलिंडर अर्धा भरलेला असून हातावर हात ठेवून बसतो. शिवाय घरगुती सिलिंडर हा घरातल्या स्वयंपाकासाठीच दिलेला असतो, ते वेगळंच.

म्हणून डिझेल. गाडीच्याच टाकीतून वेगळी नळी काढायची, ती तळापर्यंत न्यायची नाही, म्हणजे हीटरनं रात्रभर पिऊनही सकाळी पंपापर्यंत जाण्याइतकं उरतं. पूर्ण जोरात चार किलोवॅटला तासाला अर्धा लिटर जवळपास लागतं, मंद ठेवलं तर खूपच कमी. पण डिझेललाही थंडी बाधते. आपल्याकडचं साधं डिझेल कडाक्यात घट्ट होऊ लागतं. लडाखच्या थंडीसाठी इंडियन ऑइलनं २०१९ साली खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. तेव्हा सोलापूरहून कॅन भरून नेऊ नका, वर चढल्यावर तिथल्या पंपावर भरा. मी नेला होता. चुलतभावानं "असू दे, उपयोगी पडेल" म्हणून भरून दिला, आणि मी तो जसाच्या तसा परत आणला.

दुसरं म्हणजे उंची. तीन हजार मीटरवर हवा आपल्या इथल्यापेक्षा पंचवीसेक टक्के विरळ. यंत्र तेवढंच डिझेल ओतत राहिलं तर ते नीट जळत नाही. पांढरा धूर, डोळे चुरचुरतात, आत काजळी बसते आणि मग एके रात्री पेटतच नाही. विकत घेताना एकच प्रश्न विचारा: हे यंत्र किती मीटरपर्यंत स्वतःच डिझेल कमी करतं? पुस्तिकेत आकडा असतो. दुकानदार "सगळीकडं चालतंय की" म्हणाला तर तो आकडा त्यानं वाचलेला नाही, असं समजा. आणि रात्रभर अगदी मंद आचेवर चालवलंत तर सकाळी दहा-पंधरा मिनिटं पूर्ण जोरात चालवा, काजळी जळून जाते.

डिझेलचा पंप टिक-टिक करतो. पुष्कळांना त्याचा त्रास होतो, रबरावर टांगला की बराच कमी होतो. आमचं बालपण यंत्रमागांच्या खटखटीत गेलं. आईला तर पहिल्या रात्री ती टिकटिक ऐकूनच झोप लागली.

लाहौलमधल्या सिस्सूची रात्र सांगायलाच हवी. पुढच्या वर्षी आम्ही दोघंच निघालो होतो. घराजवळून ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो, तो धरला तर पंजाबात संगरूरला नेऊन सोडतो, पुढं मनाली, अटल बोगदा, आणि पलीकडं लाहौल. नोव्हेंबर होता. झोपताना मी शहाणपणा केला आणि डिझेल वाचवायला हीटर बंद केला. पहाटे तीनच्या सुमाराला गाडीखाली धो धो पाणी पडायला लागलं. ही उठून बसली, "अहो, टाकी फुटली." टॉर्च घेऊन खाली उतरलो तर टाकी धड होती. या यंत्रांना एक झडप असते. यंत्राचं तापमान ३ अंशांवर आलं की ती आपोआप उघडते आणि पोटातलं पाणी सोडून देते, नाहीतर पाणी गोठून टाकी फाटेल. झडपेनं तिचं काम बिनचूक केलं होतं. चूक माझी, मी पाण्याच्या पंपाचं बटण चालू ठेवलं होतं. झडप सोडतेय आणि पंप भरतोय, असं करत गाडीतलं ८० लिटर पाणी रस्त्यावर गेलं. सकाळी मागचं चाक बर्फाच्या लादीत, आणि आम्ही दोघं पारोसे. ढाब्यावाल्यानं चहाच्या पातेल्यातलं पाणी टाकून चाक सोडवून दिलं.

ती झडप परत लावायला यंत्र आधी थोडं गरम व्हावं लागतं, थंडीत दाबलं तर बसत नाही. स्वस्तातल्या काही यंत्रांत ती नसतेच, आणि तिथं पाणी हातानं सोडावं लागतं. घेताना बघा.

खार हा खास आपला विषय. माझं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगवर, म्हणजे रंगाईवर गेलं, त्यामुळं बॉयलर आतून कसा दिसतो ते माहितीय. बोअरचं पाणी तापवलं की पांढरा थर बसतो, थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, धातू मात्र तापतो. सोलापुरात बोअरचं पाणी भरून निघू नका, सॉफ्टनरचं किंवा नळाचं भरा. वर्षातून एकदा सायट्रिक ॲसिडनं आतून धुऊन काढा. युरोपात लोक त्याला मोठ्या नावाच्या बाटल्या विकतात. आम्ही डाइंगमध्ये पोत्यानं आणायचो.

विजेचं थोडक्यात. पेटताना दोनेक मिनिटं बॅटरीतून दहा अँपिअरच्या आसपास ओढतं, बॅटरी मेलेली असेल तर हीटर एरर दाखवून बसतो आणि माणसं हीटरला शिव्या देतात. बंद करताना मेन स्विच काढू नका, आतला पंखा थंड होईपर्यंत फिरू द्या. २३० व्होल्टची कॉइल असलेलं मॉडेल मिळालं तर घ्याच. लॉजच्या आवारात वायर लावली की डिझेलचा थेंब न जाळता बादली तयार, आणि उन्हाळ्यात नुसतं पाणी तापवता येतं, गाडी नाही. धुराची नळी दाराखाली किंवा खिडकीखाली काढू नका. हे यंत्र जाळायची हवा बाहेरून घेतं आणि धूर बाहेर सोडतं, म्हणून आत झोपता येतं. तरी कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावा. आणि ऊब म्हणून गाडीत शेगडी कधीही नाही.

कंपनी? स्वीडनच्या आल्डेचं यंत्र नळ्यांतून गरम द्रव फिरवतं, पंख्याचा आवाज नाही, फार सुखाचं, पण आपल्या गाड्यांत ते बसवणं म्हणजे घर पाडून परत बांधणं. ट्रूमा उत्तम, खिसा रिकामा करेल. चिनी कॉम्बी त्याच्या निम्म्याहून कमीत येतो. तो घेतलात तर पेटवणारी पिन, गाळणी आणि पंप असे तीन सुटे भाग त्याच पार्सलात मागवा, नंतर मिळायची वाट बघत बसाल. माझं कुठलं, ते गाडी बघायला याल तेव्हा दाखवतो.

परवा विजापूर रोडचे एक जण आले होते, हाच प्रश्न घेऊन. कुठं कुठं जाणार विचारलं. हंपी, गोकर्ण, फार तर महाबळेश्वर. मी त्यांना स्टीलची बादली आणि पाणी तापवायचा रॉड घ्यायला सांगितलं. ते जरा नाराज होऊन गेले.